अहवाल वर पाठवण्याआधी स्वतः वाचा

दवाखान्याचा कारभार नुकताच हातात आलाय, तर कुटुंबनियोजनाच्या रजिस्टरपासून सुरुवात करा. महिन्याची बेरीज वर पाठवली की काम संपलं, असं मानू नका.

नव्या आणि परत आलेल्या बायका वेगळ्या मोजा. खरी गोष्ट तिथेच कळते. डीएमपीए या गर्भनिरोधक इंजेक्शनचंच बघा. डीएमपीएचा डोस दर 3 महिन्यांनी, म्हणजे जानेवारीतल्या बायका एप्रिलमध्ये दिसायला हव्यात. रजिस्टरवर बोट ठेवून एकेक नाव शोधा. बऱ्याच जणी गळल्या असतील तर साठा संपला होता का, की इंजेक्शनने मासिक पाळी बदलते हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं? आणि हो, 4 आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी डोस देता येतो. उशिरा आलेलीला परत पाठवलं जात नाही ना, तेही विचारा.

एकदा आमच्याकडे तांबीचा आकडा शून्यावर आला. मागणी घटली असं मी धरून चालले. खरं तर तांबी बसवणारी सिस्टर रजेवर होती.

वाटप आणि शिल्लक साठा दर महिन्याला जुळवा. पण आकडा वाढावा म्हणून कुठलीही पद्धत कुणाच्या गळ्यात मारू देऊ नका. एखादीला तांबी काढायची असेल तर त्याच दिवशी काढून द्या आणि तीही नोंद करा.