तांडव नव्हते, पोळ्यांचे पीठ होते

प्रश्न असा आहे: "हेमिंग्वेसारख्या साध्या, कोरड्या गद्याला युद्धाचा अनुभव खरोखर पेलतो का, की मराठीत ते वर्तमानपत्री वाटते? मी स्वतः युद्ध पाहिलेले नाही, पण युद्धावर कादंबरी लिहितो आहे."

पेलतो, एवढ्यावर हे उत्तर संपायला हरकत नव्हती. परंतु तुमच्या प्रश्नातला 'वर्तमानपत्री' हा शब्द १९८८ साली एका संपादकांनी माझ्या कथेला लावला होता आणि मी तो अजून विसरलेलो नाही, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

मी डिचोलीचा. १८ डिसेंबर १९६१च्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैनिकांनी वाटेतले पूल सुरुंगाने उडवले, त्यांत डिचोलीचाही होता. आमचे घर त्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. बाबा तेव्हा १७ वर्षांचे होते. आदल्या संध्याकाळी आजीने पोळ्यांचे पीठ वाटून ठेवले होते (आमचे पोळे तांदूळ-उडदाचे, डोशाच्या जातीचे, पोळी नव्हे). पीठ फुगेल म्हणून झाकण अर्धेच ठेवलेला टोप खिडकीखालच्या कट्ट्यावर होता आणि खिडकीला जुन्या पद्धतीची शिंपल्यांची तावदाने होती. पूल उडाला, घर हादरले, चार-पाच तावदाने निखळून खाली आली. आजीने चिमणी पेटवली, टोपात कोपरापर्यंत हात घातला, नखाएवढे दोन तुकडे बाहेर काढले आणि उजेडासमोर धरून पाहिले. शिंपला पिठाच्याच रंगाचा. आजोबा म्हणाले, गाळून घे. तिने उत्तर दिले नाही. टोप उचलून मागच्या दारी गेली आणि सगळे पीठ केळीच्या बुंध्याशी ओतून आली. त्या दिवशी घरात सर्वांनी आदल्या दिवसाची पेज खाल्ली.

बाबा हे कोकणीत सांगत आणि फार थोडक्यात सांगत: "पूल उडयलो, पीठ उडयलें." पूल उडवण्याला आणि पीठ टाकून देण्याला त्यांच्या बोलण्यात क्रियापद एकच होते. मराठीत लिहिताना मला ते दोन ठिकाणी तोडावे लागले, आणि या विषयातली खरी अडचण मला तिथेच पहिल्यांदा जाणवली.

ती चार पानांची कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांनी मला बोलावून घेतले, चहा दिला आणि सांगितले की भाषा वर्तमानपत्री आहे, थोडे संस्कार करावे लागतील. "युद्ध आहे हो हे, स्वयंपाकघर नव्हे," हे त्यांचे शब्द. अंक हाती आला तेव्हा टोपात हात घालणारी आजी गायब होती आणि तिच्या जागी काळरात्र, मृत्यूचे तांडव, थरारलेली धरणीमाता आणि एका माउलीच्या डोळ्यांत उगवलेली स्वातंत्र्याची पहाट असा सगळा सरंजाम होता. बाबांनी चष्मा लावून ती कथा शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "हें कोणागेर जालें?" म्हणजे, हे कुणाच्या घरी घडले? मी मान खाली घातली.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की हे तांडव युद्धातून येत नाही, आमच्या शिक्षणातून येते. गोव्यातल्या माझ्यासारख्यांच्या घरी कोकणी आणि पाटीवर मराठी. मराठी आम्ही कीर्तनातून, जत्रेतल्या नाटकांतून आणि सभांमधल्या भाषणांतून उचलली, त्यामुळे लेखणी हातात घेतली की भाषा आपोआप सणाचे कपडे चढवते. घरात ज्या आवाजात पीठ टाकल्याचे सांगितले गेले, तो आवाज कागदावर आणायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. साधे गद्य म्हणजे कमी मेहनतीचे गद्य असे समजणाऱ्या माणसाने ते कधी लिहून पाहिलेले नसते.

हेमिंग्वेलाही ते फुकट मिळालेले नाही. पहिल्या महायुद्धात, ८ जुलै १९१८ रोजी, वयाची १९ वर्षे पुरी व्हायच्या आत, इटलीत पियावे नदीच्या आघाडीवर सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेट वाटत असताना तो तोफगोळ्याने जखमी झाला. त्यावर आधारलेली 'अ फेअरवेल टू आर्म्स' ही कादंबरी आली १९२९ साली. मधली ११ वर्षे तो वाक्ये घासत होता. त्या कादंबरीतल्या लेफ्टनंटला पवित्र, गौरवशाली, बलिदान असले शब्द ऐकताना संकोच वाटतो. गावांची नावे, रस्त्यांचे क्रमांक, तारखा यांनाच काही प्रतिष्ठा उरली आहे असे त्याला वाटते. हे अमेरिकन फॅशन म्हणून सोडून देणाऱ्यांनी आमचाच डिसेंबर आठवावा. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनहून गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांना संदेश धाडला, त्याचा आशय असा की शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी असतील किंवा मेलेले. गव्हर्नरांनी १९ तारखेला शरणागती पत्करली आणि तीन हजारांहून अधिक माणसे जिवंत राहिली. त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले आणि पोर्तुगालमधल्या १९७४च्या क्रांतीनंतरच त्यांना मानाने परत घेतले गेले. भव्य शब्दांना युद्धात प्रत्यक्ष किंमत असते आणि ती शब्द लिहिणारा सहसा मोजत नाही. आमच्या संपादकांना मी हे तेव्हा ऐकवायला हवे होते. तेव्हा मला ते माहीत नव्हते.

आता तुम्ही युद्ध पाहिलेले नाही, याविषयी. हेमिंग्वेच्या त्याच कादंबरीत इटालियन सैन्याची कापोरेत्तोची माघार आहे, पावसाने चिखल झालेले रस्ते, अडकलेली वाहने, पुलावर स्वतःच्याच अधिकाऱ्यांना बाजूला काढून गोळ्या घालणारे शिपाई. ती माघार घडली ऑक्टोबर १९१७ मध्ये, हेमिंग्वे इटलीत पोहोचला १९१८ मध्ये. ज्याला लोक डोळ्यांदेखतचे समजतात ते त्याने नकाशे आणि माहिती जमवून लिहिलेले आहे. मराठीत पाहायचे असेल तर विश्राम बेडेकरांची १९३९ची 'रणांगण' घ्या. नाव रणांगण, आणि आत आहे युरोपातून निघालेली बोट आणि तिच्यावरचे परागंदा ज्यू. तोफ कुठेही डागली जात नाही. युद्धाचे वर्णन टाळूनही युद्ध किती जवळ येते, हे ज्याला त्यात दिसले नाही त्याने युद्धकादंबरीच्या नादी लागू नये.

तरीही दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाही तर मी संपादकांवर अन्याय करतो आहे असे होईल. पहिली ही की कोरडे वाक्य आपोआप खरे होत नाही. सैन्याची पत्रकेही कोरडीच असतात. जर्मन लेखक रेमार्कच्या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीचा नायक ज्या दिवशी मरतो त्या दिवशीच्या लष्करी अहवालात पश्चिम आघाडीवर विशेष काही नाही, एवढेच असते. म्हणजे साधेपणा उघडे करू शकतो तसा झाकूही शकतो, आणि छोटी छोटी वाक्ये एकापुढे एक मांडून हेमिंग्वे होता येत नाही. मराठीला तर लांब वाक्य मुळातच मानवते, ते तोडून टाकण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट सांगताना थोडी लाज वाटते. गेल्या वर्षी जुन्या पेटाऱ्यात माझ्या कथेची कार्बन प्रत सापडली. तीत शेवटी आजी केळीपाशी उभी राहून "येणाऱ्या युगाची चाहूल" ऐकते. ते वाक्य माझे होते. संपादकांनी बाकी सगळे बदलले तरी ते मात्र काढून टाकले होते, आणि ते त्यांनी योग्यच केले.

म्हणून शैली ठरवत बसू नका. तुमच्या युद्धातल्या माणसांच्या घरी त्या रात्री काय भिजत घातले होते, कोणते भांडे कुठे ठेवले होते, ते आधी शोधा. जिथे सापडणार नाही तिथे रचावे लागेल. कथा मी आता पुन्हा लिहिली आहे. पीठ ओतून आल्यावर आजी तो टोप घासून पालथा घालते, असे तीत आहे. तिने तो घासला होता का, हे बाबांना विचारायचे राहूनच गेले.