तासांवरचा पगार आणि पर्वरीचा फ्लॅट

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय 29, को-पायलट, घर गोव्यात म्हापशाला, बेस (ड्यूटी सुरू होते ते ठिकाण) मुंबई. ऑक्टोबर ते मार्च खात्यात महिन्याला सरासरी 2,40,000 जमा झाले. त्यावर बँक 95 लाखांचं गृहकर्ज द्यायला तयार आहे. पर्वरीचा फ्लॅट घ्यावा का?

आत्ता नको.

बँकेने पाहिलेले सहा महिने म्हणजे आपल्याकडचा भर सीझन. तुमच्या पगाराच्या स्लिपांत हमीच्या तासांचे, म्हणजे उड्डाणं कमी झाली तरी कंपनी ज्यांचे पैसे देते त्या तासांचे, हातात येतात 1,75,000; वरचं सगळं जादा उड्डाणांचं. तास कसे मोजतात ते तुम्हाला मी काय सांगणार! विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पार्किंगला थांबलं की बंद. रिपोर्टिंग, ब्रीफिंग, दिल्लीच्या धुक्यात गेटवर बसून काढलेला वेळ त्यात येत नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला ड्यूटीवर जायची तुमची धावपळ तर नाहीच नाही. बरं, जास्त राबून हप्ता भागवू म्हणाल, तर वर्षाला 1,000 तासांचं डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, कुंपण आहे.

म्हणून हिशेब 1,75,000 वरच. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता सुमारे 82,500. ट्रेनिंगच्या कर्जाचे 46,000 आणि मुंबईतल्या खोलीचे 22,000 चालूच आहेत. उरतात 24,500. त्यात घरखर्च, विमा आणि आईबाबांना द्यायचे ते.

शिवाय हमीचीही हमी नसते. 2019 च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली, 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट. 2020 मध्ये तर 25 मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवरच होती.

ट्रेनिंगचं कर्ज दीड वर्षात फिटतंय, तोवर थांबा. हमीच्या वर येणारा प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात टाका. सध्याच्या गतीने महिन्याला 65,000, पावसाळ्यात कमी. त्यातून नऊ महिन्यांचे हप्ते बाजूला पडले की उरलेलं डाउन पेमेंटला. कर्ज 65 लाखांवर आणलंत तर हप्ता 56,500 च्या आसपास येईल, तो हमीच्या पगारात बसतो. कॅप्टन झाल्यावरचा पगार आज धरू नका. मेडिकलमध्ये अनफिट ठरलात तर भरपाई देणारा लायसन्सचा विमा कंपनीकडून किती आहे, ते याच आठवड्यात विचारा. मला तुमच्या बाबतीत फ्लॅटपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

मोपामुळे भाव चढतील म्हणून दलाल घाई करतोय, करू दे. ऑगस्टची स्लिप आली की परत लिहा. फ्लॅटही तेव्हाच एकदा बघून या, भिंतींना ओल येते का ते पावसातच कळतं.