सायकल आधी घरी आणा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ६१, शाळेतून निवृत्त, मुक्काम सातारा. जानेवारीत अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर जायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, "आई, पडलीस तर?" यजमान गप्प. म्हणून चार महिने सायकल मैत्रिणीच्या पार्किंगमध्ये ठेवता आणि घरी "फिरून येते" सांगून पहाटे बाहेर पडता. विचारता, या वयात हे वेड तर नाही ना?

नाही हो. जरूर जा. पण ही लपवाछपवी मला पटली नाही. यवतेश्वरच्या वळणावर खडीवरून चाक घसरलं, तर तुम्ही कुठे आहात हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मुलगा ज्याला घाबरतोय, ते तुम्हीच ओढवून घेताय.

त्याला वाद घालून पटणार नाही. त्याला म्हणा, चल माझ्याबरोबर डॉक्टरांकडे. रक्तदाब, हृदयाची तपासणी आणि हाडांची घनता, तिन्ही बघून घ्या. हाडांचं मुद्दाम सांगते. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. दम वाढतो, मांड्या भरतात, पण हाडांना हवा तेवढा ताण मिळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा जिने चढा, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करा.

एका दिवसात ५० किलोमीटर झाले, असं लिहिलंयत. ऐकून आनंद झाला. आता शनिवारी कोरेगावला जाऊन या, आणि रविवारी पुन्हा तेवढंच अंतर मारा. बूड दुखत असताना दुसऱ्या सकाळी सीटवर बसता आलं पाहिजे. तुमच्या प्रवासात रोजची सकाळ तशीच असणार आहे.

मी ५८व्या वर्षी पहिल्यांदा लांब गेले, तेव्हा दुकानात सीट बसवून दिली तशीच ठेवली. तिचं नाक खाली झुकलेलं, त्यामुळे सगळा भार तळहातांवर. तिसऱ्या रात्री करंगळी आणि शेजारचं बोट इतकं बधिर, की ब्लाउजचं हुक लागेना. नस दबली होती. बरं व्हायला तीन आठवडे गेले. म्हणून सांगते, सीट सपाट ठेवा, हँडल थोडं वर घ्या, कोपर सैल सोडा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची. गुडघे त्यामुळेच वाचतील.

समुद्र शेजारी आहे म्हणून हा रस्ता सपाट असेल असं धरू नका. प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, या बोटींत सायकल नेता येते. वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोटीत बसून पाय गार पडलेले असतात आणि धक्क्यावरून वर आलं की लगेच चढ. मेकॅनिकला सांगून मागे जास्त दात्यांचं मोठं चक्र बसवून घ्या. तरीही दम लागला तर उतरून ढकला. जांभ्याच्या सड्यावर सावली नसते, तेव्हा उजाडताच निघा आणि अकराच्या आत मुक्काम गाठा. दिवसाला ४० किलोमीटर पुष्कळ झाले, आणि चौथ्या दिवशी विश्रांती.

राहिले यजमान. ते गप्प आहेत म्हणजे विरोधात आहेत, हे तुम्हीच ठरवलंत ना? त्यांना अजून नीट विचारलेलंच दिसत नाही. दापोलीला, गणपतीपुळ्याला ते एसटीने येऊन मुक्कामाला भेटू शकतात.

येत्या रविवारी दुपारी, सगळे घरात असताना, सायकल दारात आणा. आणि चेनला तेल घालायला त्यांनाच हाक मारा.