वाचकांचे प्रश्न : प्रवाळांच्या टाकीसाठी शेवाळ-गाळणी

प्रश्न : घरच्या प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट सतत वाढते. शेवाळ-गाळणी बसवल्यास प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातील घाण काढणारे उपकरण) काढून टाकता येईल का?

उत्तर : स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत खरखरीत प्लास्टिकच्या जाळीवरून पाणी वाहते ठेवून तिच्यावर प्रखर प्रकाश सोडतात आणि तिथे वाढणारे शेवाळ नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते. मात्र ही द्रव्ये टाकीबाहेर जातात ती शेवाळ खरवडून फेकल्यावरच. साधारण आठवड्याचे हे कंटाळवाणे काम टाळल्यास खालचे थर प्रकाशाअभावी मरतात आणि शोषलेले सारे पाण्यात परतते. स्किमर सेंद्रिय पदार्थ कुजून त्यांचे नायट्रेट होण्याआधीच फेसाबरोबर काढतो, त्यामुळे निदान सुरुवातीला तो राहू द्यावा. गाळणीचा दिवा रात्री लावल्यास रात्री घसरणारा पीएचही (पाण्याच्या आम्लतेचे माप; घसरला की आम्लता वाढते) काहीसा सावरतो.