४२ दिवस गेले कुठे?

प्रश्न : मॅडम, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला एअरक्वालिटी डेटा घेतलाय. ओझोनसाठी सूर्यप्रकाश, वारा आणि तापमान घेऊन लिनियर मॉडेल (या तिघांवरून ओझोनचा अंदाज देणारं सरळ सूत्र) बसवलं. डेटात १५३ ओळी आहेत, दिवसाला एक; पण डिझाइन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष वापरतं त्या सूर्यप्रकाश-वारा-तापमानाच्या तक्त्यात, १११च दिसतात. ओझोनचे ३७ आणि सूर्यप्रकाशाचे ७ आकडे नाहीत. मग १०९ उरायला हव्यात ना?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : दोन ओळी तू दोनदा वजा केल्यास. १९७३च्या मे ते सप्टेंबरमधल्या न्यूयॉर्कच्या या नोंदींत ५ मे आणि २७ मे या दिवशी ओझोनही नाही आणि सूर्यप्रकाशही नाही. म्हणून गळाल्या ४२.

लिनियर मॉडेल बसवणारं ‘आर’मधलं फंक्शन ‘एलएम’ आधी सूत्रातले सगळे कॉलम शेजारी मांडतं, एक जरी आकडा नसेल तर ती अख्खी ओळ काढून टाकतं आणि उरलेल्यांचं मॅट्रिक्स रचतं. ओझोन मॅट्रिक्सचा कॉलम नाही, तरी तो नसला की त्या दिवसाचा वारा आणि तापमानही जातं. मॅट्रिक्स छापून डावीकडचे ओळक्रमांक वाच : १, २, ३, ४ आणि एकदम ७.

या उडीनं मला एकदा चांगलंच फसवलं होतं. रेसिड्युअल्स (प्रत्यक्ष ओझोन आणि मॉडेलचा अंदाज यांतले फरक) एक्सेलमध्ये मूळ तक्त्याशेजारी चिकटवले. पहिले चार जागेवर, पुढे ७ मेचा आकडा ५ मेसमोर आणि तिथून सगळंच सरकलेलं. एक्सेल कशाला बोलतंय! आलेख काढून तासभर त्याचा अर्थ लावत बसले होते. ‘आर’मध्येच जोडले असते तर १११ आणि १५३ जुळत नाहीत म्हणून तिथेच एरर आला असता. ‘एलएम’ला ‘एनए डॉट एक्सक्लूड’ हा पर्याय दिलास तर रेसिड्युअल्स १५३ मिळतात, गळालेल्या जागी एनए, म्हणजे ‘आकडा नाही’ अशी खूण. मॅट्रिक्स मात्र १११चंच राहतं.

आता महिना फॅक्टर म्हणून, म्हणजे आकडा न धरता गट धरून, घाल. पाच महिन्यांचे चार कॉलम होतील, त्या महिन्याच्या दिवशी १ आणि इतर दिवशी ०; मे इंटरसेप्टमध्ये, म्हणजे सूत्रातल्या स्थिर आकड्यात, जाईल. जूनच्या कॉलमची बेरीज कर : ९. तीस दिवसांच्या जूनमध्ये २१ दिवस ओझोनची नोंदच नाही. तेव्हा जूनच्या सहगुणकावर (मॉडेलनं त्या कॉलमला दिलेल्या आकड्यावर) मोठी वाक्यं लिहू नकोस. ओळी गळण्याचं कारण मॉडेलमधल्या वारा-तापमानासारख्या चलांत असेल तर सहगुणक त्यामुळे एका बाजूला झुकत नाहीत. ते ओझोनच्या पातळीतच दडलेलं असेल तर झुकतात. रिकाम्या जागी सरासरी भरायचा मोह होईल, पण त्यानं १५३ ओळी दिसतात, माहिती तेवढीच राहते.

आणि एक. सूर्यप्रकाश वगळून मॉडेल बसवलंस तर ११६ ओळी येतील. त्याची आणि १११वाल्याची ‘अनोव्हा’नं (दोन मॉडेलं ताडून पाहणाऱ्या फंक्शननं) तुलना करू गेलीस तर ‘आर’ नकार देईल. आधी पूर्ण ओळींचा वेगळा डेटा कर आणि दोन्ही मॉडेलं त्याच्यावरच बसव.