आठवीपर्यंत कायदा, पुढे काय? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : दसरा झाला की आम्ही नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. थोरली आठवीपर्यंत गावातच शिकली. आम्ही नसताना हंगामी वसतिगृहात जेवायची, आजीजवळ झोपायची. आता शेजारच्या गावात नववीला आहे. गुरुजी म्हणतात, वसतिगृह आठवीपर्यंतच. पुढच्या वर्षी दहावी. तिला फडावर न्यावं का मागं ठेवावं?
— एक आई, ता. वडवणी, जि. बीड

उत्तर : गुरुजींचं खरं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा. हंगामी वसतिगृह काय, स्थलांतरित मुलांचं शिक्षण हमी कार्ड काय, दोन्ही त्याच्याच आधारानं चालतात, म्हणून तिथंच थांबतात. आणि पोर कामाला हाताशी येते ती नेमकी याच वयात. कायदा सुटतो आणि कोप्यावरचा (फडाजवळच्या झोपडीतला) स्वयंपाक, धाकटं भावंड तिच्या गळ्यात पडतं. आमचं मत विचाराल तर दहावीच्या वर्षी तिला नेऊच नका.

कारण असं. दहावीचे बोर्डाचे फॉर्म शाळेतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात, म्हणजे टोळ्या हलतात तेव्हाच. हजेरी ७५ टक्के लागते. भाषा, गणित, विज्ञान यांत प्रत्येकी २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि वहीचे असतात, ते वर्गात हजर असलेल्यालाच मिळतात. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा कारखान्याचा पट्टा पडलेला नसतो, म्हणजे हंगाम संपलेला नसतो. उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटेपर्यंत मुकादम कुणाला सोडत नाही, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

राहण्याची सोय बघायची तर जूनमध्येच बघा. दसऱ्याला विचारायला गेलात तर जागा भरलेल्या असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली : ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागांची. मंजूर झालं म्हणजे सुरू झालं असं नसतं, म्हणून आधी बीडच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन आपल्या जवळ कोणतं खरोखर चालू आहे ते विचारा. सोबत ग्रामसेवकानं दिलेलं ऊसतोड कामगार ओळखपत्र असू द्या. बहुतेकांचं अडतं ते याच कागदावर, कारण ग्रामसेवक भेटेपर्यंत टोळी निघालेली असते. मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहातही आठवीपासून प्रवेश असतो. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २०१८ पासून बारावीपर्यंत वाढवायची मुभा आहे, पण सगळी वाढलेली नाहीत.

यंदा नववीत काहीच जमलं नाही आणि न्यावंच लागलं, तर निघण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या : कोणत्या कारखान्याला जातोय, कधी परतणार, फोन नंबर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून गेलेल्यांची नावं ‘सतत गैरहजर’ म्हणून पटावरून निघतात, आणि मग १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायची वेळ येते. परीक्षा तीच, पण वर्ग नाही, शिकवायला कुणी नाही, एसटीचा पास नाही.

प्रश्न : मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे, हुशार आहे. आठवीला तालुक्याच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालायचा विचार आहे. तिथून एनएमएमएसला बसता येईल का?
— शेतकरी, ता. मंठा, जि. जालना

उत्तर : नाही. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची ही परीक्षा आठवीत असते आणि ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांच्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत नाव घातलंत की संधी गेली. रक्कम महिना १,००० रुपये, नववी ते बारावी, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. त्या शाळेची फी आणि ही रक्कम कागदावर शेजारी-शेजारी मांडा, मग ठरवा.

अटी : पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०). पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमतेचा, दुसऱ्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. दोन्हींत मिळून ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ३२) लागतात, आणि त्यावर जिल्ह्याच्या कोट्यातली गुणवत्ता यादी. आपल्याकडची मुलं विज्ञानात नाही, पहिल्या पेपरात मार खातात, कारण आकृत्या आणि संख्यामालिका वर्गात कुणी शिकवत नाही. रोज २० प्रश्न घड्याळ लावून सोडवून घ्या, जूनपासून.

पास झाल्यावरही पैसे अडकतात. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि शाळेत ‘ज्ञानेश्वर विठ्ठलराव’ असं असेल तर आठवीतच दुरुस्त करून घ्या. शिष्यवृत्तीच्या राष्ट्रीय पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. एक वर्ष चुकलं की त्या वर्षाचे १२,००० गेले. शाळा आठवण करील या भरवशावर राहू नका.

आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत असतं : मराठा-कुणबी समाजातला मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला पण यादीत आला नाही, तर सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. ‘नापास झालो’ समजून घरं गप्प बसतात. निकालपत्रावर ‘पात्र’ आणि ‘निवड’ हे दोन वेगळे शब्द आहेत, नीट वाचा.

प्रश्न : आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून मुलगी आठवीपर्यंत मोफत शिकली. आता नववीला शाळा पूर्ण फी मागते, नाहीतर दाखलाही देत नाही. हे बरोबर आहे का?
— पालक, नांदेड

उत्तर : फी मागणं कायद्यात बसतं, दाखला अडवणं नाही. दुसऱ्या शाळेनं दाखल्याअभावी नववी-दहावीचा प्रवेश नाकारू नये, असा निर्णय राज्य सरकारनं २०२१ मध्येच घेतला आहे. तक्रार जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे लेखी करा.

शाळा बदलायची तर नववीलाच बदला, दहावीला नको. मराठवाड्याची एक गोष्ट बरी : निजामाच्या राज्यातली सरकारी हायस्कुलं पुढं जिल्हा परिषदांकडे आली, म्हणून इथं दहावीपर्यंतच्या प्रशाला आहेत. सेमी इंग्रजीची तुकडी बघा. गणित-विज्ञान इंग्रजीतच राहतं. धक्का बसतो तो इतिहास-भूगोलाला, ते मराठीत लिहावे लागतात. उन्हाळ्यात आठवीची मराठी माध्यमाची ती दोन पुस्तकं वाचून घेतली तर ‘पर्जन्यमान’, ‘सार्वभौमत्व’ असल्या शब्दांशी ओळख होते.

प्रश्न : हायस्कूल सात किलोमीटरवर. मुलीला एसटीचा पास फुकट मिळतो म्हणतात.
— ता. सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : मिळतो. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींचा प्रवास मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश रकमेत पास. मानव विकास कार्यक्रमातल्या सायकलीचे ५,००० रुपये शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना, त्यामुळे त्यात तुम्ही बसत नाही. खरी अडचण पासाची नसते, वेळेची असते : शाळा पाचला सुटते आणि शेवटची गाडी साडेचारला गेलेली असते. मुख्याध्यापकांचं पत्र, शाळा सुटायची वेळ आणि त्या रस्त्यावरच्या मुलींची गाववार संख्या घेऊन आगारप्रमुखांना भेटा. एका गावाच्या चार मुलींसाठी वेळ बदलत नाहीत, तीन गावांच्या तीस मुलींची यादी असली की बोलणं पुढं सरकतं.