पायथनमध्ये "फॉल्स" ही स्ट्रिंग बूल केली तरी ट्रू का येते? (मुलुंडच्या सोसायटीची पार्किंगची सीएसव्ही वाचतोय, सगळेच मेंबर गाडीवाले दिसतायत)

कारण बूल() (व्हॅल्यूचं ट्रू किंवा फॉल्स करणारं फंक्शन) स्ट्रिंगमध्ये काय लिहिलंय ते वाचतच नाही, स्ट्रिंग रिकामी आहे का एवढंच बघतं, त्यामुळे "फॉल्स", "नो", "0", अगदी नुसती एक स्पेस दिलीत तरी ट्रूच येणार आणि फॉल्स फक्त रिकाम्या स्ट्रिंगला. हे पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ट्रुथ व्हॅल्यू टेस्टिंगखाली स्पष्ट दिलंय. आर्गपार्समध्ये (कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारं पायथनचं मॉड्यूल) टाइप म्हणून बूल दिलं तरी हाच घोळ होतो, तिथे तर लोक तासन् तास अडकतात. जुन्या उत्तरांमध्ये डिस्टयुटिल्स या जुन्या मॉड्यूलचं स्ट्रटूबूल फंक्शन वापरा असं सापडेल पण ते पायथन 3.12 पासून काढूनच टाकलंय, त्याच्या नादी लागू नका. सरळ स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, आधी स्ट्रिप() (कडेच्या स्पेस काढायला) आणि लोअर() (इंग्रजी अक्षरं स्मॉल करायला) करा, मग बघा:

- "ट्रू", "येस", "वाय", "1", "होय" यातलं असेल तर ट्रू
- "फॉल्स", "नो", "एन", "0", "नाही" यातलं असेल तर फॉल्स
- दोन्हीत नसेल तर व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीची व्हॅल्यू आल्याची एरर

तिसरी ओळ प्लीज गाळू नका. "बाकी सगळं फॉल्स" असं केलंत तर कोणी "हो" किंवा "आहे" टाइप केलं की त्या माणसाची पार्किंग गुपचूप उडेल आणि कळणारही नाही. फक्त रिकाम्या सेलचं काय करायचं ते कमिटीला विचारून घ्या, माहितीच भरली नसेल तर नन (None, म्हणजे व्हॅल्यूच नाही) ठेवलेलं बरं.